गीतकाराच्या नावाची मातब्बरी

ज्या रचना समाजातील सर्वाधिक लोकांच्या ओठांवर असतात, त्यांच्या कर्त्याविषयीच समाजाला सर्वांत कमी माहिती असते, ही विसंगती चित्रपटगीतांच्या बाबतीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही विपरीत आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. गाणे कोणी गायले हे लहान पोरही सांगते, चाल कोणाची हे जाणकार सांगतो. पण शब्द कोणाचे, असे विचारले की भली भली माणसे घुटमळतात. या उदासीनतेचे समर्थनही तयार असते: शब्द चालीला बांधलेले, चाल प्रसंगाला बांधलेली आणि प्रसंग निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून, तेव्हा अशा मागणीबरहुकूम झालेल्या लेखनाला स्वतंत्र कर्ता तो कोणता मानावयाचा? माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. गीत जितके अधिक लोकांचे होते, तितकी त्याच्या कर्त्याचे नाव जपण्याची निकड वाढते. कारण ते नाव पुसले गेले की त्या शब्दांवर त्या काळी जो बलवत्तर असेल त्याचा अंमल बसतो, आणि त्या शब्दांबद्दल हक्क सांगण्यास किंवा जाब देण्यास कोणीच उरत नाही. या मताच्या समर्थनार्थ मी जर्मनीतील ब्रूनो बाल्ट्स या गीतकाराचे चरित्र पुढे ठेवतो. स्वीडनहून आलेल्या झारा लेआंडर या गायिकेला ज्याच्या शब्दांनी जर्मनीत अफाट कीर्ती मिळवून दिली, तो हा मनुष्य.

बाल्ट्सचा जन्म बर्लिनमध्ये 6 ऑक्टोबर 1902 रोजी झाला. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर, राजसत्ता कोसळून प्रजासत्ताक आले त्या अस्थिर पण विलक्षण मोकळ्या बर्लिनमध्ये त्याचे तारुण्य गेले. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम हा जर्मन दंडसंहितेच्या 175व्या कलमान्वये 1871 पासून गुन्हा होता. तरीही त्याच शहरात 1919 साली माग्नुस हिर्शफेल्ड या वैद्याने लैंगिकतेच्या शास्त्रीय अभ्यासाची संस्था स्थापन केली होती, आणि हे कलम रद्द व्हावे म्हणून उघड चळवळ चालत होती. बाल्ट्स या वर्तुळात वावरत होता. त्या चळवळीच्या नियतकालिकांतून लिहीत होता. आणि 1924 साली त्याने एका तरुण मित्राला उद्देशून लिहिलेले गीत त्या वर्तुळात लोकप्रियही झाले होते. म्हणजे गीतकार म्हणून त्याचा आरंभ स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक राहून झाला, ही गोष्ट पुढील सर्व हकिकतीच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

1929-30 च्या सुमारास बोलपट आला आणि गीतकाराच्या व्यवसायाचे स्वरूपच पालटले. आपल्याकडे प्रभात कंपनीने ‘सैरंध्री’ हा रंगीत बोलपट करण्याचे साहस केले आणि त्याच्या रंगप्रक्रियेसाठी शांताराम बापूंनी जर्मनीची वाट धरली, ती यानंतर थोड्याच वर्षांनी. त्यावरून त्या वेळी चित्रपटाच्या तंत्रात जर्मनीची केवढी प्रतिष्ठा होती हे कळून येईल. बर्लिनजवळच्या बाबेल्सबेर्ग येथील ‘उफा’ कंपनीच्या चित्रशाळेतून संगीतपटांचा ओघ सुरू झाला. 1930 च्या ‘डी द्राय फॉन डेर टांकश्टेले’ या चित्रपटासाठी रोबेर्ट गिल्बेर्टने लिहिलेली गाणी घरोघर गेली. हाच गिल्बेर्ट डाव्हिड वेबर या टोपणनावाने हान्स आइस्लरच्या चालींवर बेकारांच्या दुःखाची गाणीही लिहीत होता. हलकेफुलके गीत आणि सामाजिक रोषाचे गीत एकाच लेखणीतून उतरू शकते, हे जर्मन श्रोत्यांनी या काळात अनुभवले. चित्रपटगीत म्हणजे विचारशून्य लेखन, हा समज तेथेच खोटा ठरला होता.

1933 च्या आरंभी हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी 6 मे रोजी हिर्शफेल्डची संस्था लुटण्यात आली आणि तिचे ग्रंथ पुढे चौकात जाळले गेले. यहुदी गीतकार, संगीतकार आणि दिग्दर्शक देशोधडीला लागले. गिल्बेर्ट प्रथम व्हिएन्नाला आणि अखेरीस अमेरिकेला गेला. बाल्ट्स मात्र बर्लिनमध्येच राहिला. ज्यांना जावे लागले त्यांच्या जागा मोकळ्या झाल्या आणि जे राहिले त्यांना काम मिळाले, हे कटू सत्य त्याच्या चरित्रातून वगळता येणार नाही. परंतु राहिलेल्यांपैकी सर्वांनाच अभय होते असे नव्हे. 1935 मध्ये 175वे कलम अधिक कठोर करण्यात आले. केवळ संशयावरून माणूस तुरुंगात जाऊ लागला. आणि नाझी अमदानीत या कलमाखाली सुमारे पन्नास हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. 1936 साली बाल्ट्सही त्यांतला एक झाला. काही महिन्यांच्या कैदेनंतर तो सुटला, तेव्हा त्याचे नाव जाहीरपणे मिरवले जाऊ नये अशी अट त्याला घालण्यात आली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आणि त्याच वर्षी एका स्त्रीशी त्याचा विवाह होऊन लोकाचाराची पूर्तता झाली. सरकारच्या दृष्टीने या माणसाचे शब्द हवे होते, पण हा माणूस नको होता. पोलिसांच्या दप्तरात त्याचे नाव ठळकपणे नोंदलेले आणि चित्रपटाच्या जाहिरातीत ते झाकलेले, ही स्थिती म्हणजे गीतकाराला अनामिक करण्यामागील वृत्तीचे अगदी उघडेनागडे रूप होय. एरवी जी गोष्ट बाजार निष्काळजीपणाने करतो, तीच येथे राजसत्तेने हेतुपुरस्सर केली.

याच सुमारास ‘उफा’ने झारा लेआंडरशी करार केला. ती स्वीडनमधील कार्लस्टाड गावी 1907 साली जन्मलेली, अंगाने उंच, आणि आवाज इतका खर्जातला की पुष्कळदा तो पुरुषाचा भासावा असा. या आवाजासाठी शब्द लिहिणे ही सोपी गोष्ट नव्हती. द्रुत लयीतील, टोकदार व्यंजनांनी भरलेली ओळ तिच्या गळ्यात शोभत नसे. तिला दीर्घ, खोल स्वरांवर रेंगाळता येईल, ‘र’कार घोळवता येईल आणि ओळीच्या अखेरीस श्वास मोकळा सोडता येईल अशी रचना हवी असे. बाल्ट्सने हे मर्म अचूक ओळखले. 1937 च्या ‘ला हाबानेरा’ या चित्रपटात लोथार ब्र्यूनेच्या चालीवर त्याने तिच्यासाठी वाऱ्याच्या मुखाने गाणे ऐकणाऱ्या विरहिणीचे गीत लिहिले. 1938 च्या ‘डेर ब्लाउफुक्स’मध्ये त्याने तिच्या तोंडी असा प्रश्न घातला की, प्रेम हे कधी पाप ठरू शकते काय? चित्रपटात हा प्रश्न एका विवाहित स्त्रीच्या संदर्भात येतो आणि परीक्षकांनी तो तसाच समजून पार केला. पण दोनच वर्षांपूर्वी प्रेमाच्याच गुन्ह्याखाली कारागृह भोगून आलेल्या माणसाने हा प्रश्न लिहिला आहे हे कळताच त्याचा अर्थ एकाएकी किती खोल जातो! तो अर्थ ज्यांना कळावयास हवा होता त्यांना त्या काळीही कळला असला पाहिजे. जर्मनीतील समलिंगी पुरुषांनी लेआंडरला जे प्रेम दिले आणि तिच्या गाण्यांत जो आसरा शोधला, त्याचे बीज या शब्दांत आहे.

1941 साली बाल्ट्सला गेस्टापोने पुन्हा पकडले आणि प्रिन्स-आल्ब्रेख्त रस्त्यावरील मुख्यालयात डांबून त्याचे हाल केले. तेथून छळछावणी एवढीच वाट पुढे होती. त्याचा सहकारी संगीतकार मिखाएल यारी याने त्याच्यासाठी रदबदली केली. ‘डी ग्रोसे लीबे’ या नव्या चित्रपटाची गाणी बाल्ट्सवाचून पुरी होणे अशक्य आहे, असे त्याने अधिकाऱ्यांना पटवले. आणि प्रचारमंत्री गोबेल्सला तो चित्रपट हवा असल्यामुळे कैदी सुटला. सुटकेनंतर चोवीस तासांच्या आत बाल्ट्सने त्यातील दोन मुख्य गीते लिहून दिली अशी आख्यायिका आहे. तासांचा हिशेब बाजूला ठेवला, तरी त्या गीतांचा विषय आणि त्यांच्या कर्त्याची अवस्था यांचा संबंध नाकारता येत नाही. एका गीतात, एवढ्याने काही जग बुडत नाही असा धीर दिलेला आहे. दुसऱ्यात, एक ना एक दिवस चमत्कार घडेल आणि आपली पुन्हा भेट होईल असा विश्वास आहे.

‘डी ग्रोसे लीबे’ 12 जून 1942 रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला आणि सुमारे 2 कोटी 70 लाख लोकांनी तो पाहिला. नाझी राजवटीतील सर्वांत यशस्वी चित्रपट तोच. वायुदलातील एक वैमानिक आणि एक गायिका यांची ती प्रेमकथा. कर्तव्यापुढे वैयक्तिक सुख गौण आहे आणि वाट पाहणे हाच स्त्रीचा युद्धधर्म आहे, हा तिचा उपदेश. पॅरिसमध्ये जखमी सैनिकांपुढे नायिका पहिले गाणे म्हणते तेव्हा खुर्च्यांवरचे सैनिक एकमेकांच्या हातांत हात गुंतवून डोलू लागतात. त्या एका दृश्यात प्रचारखात्याचा सारा मनसुबा सामावलेला आहे. दुसऱ्या गीताच्या प्रसंगी तिच्यामागे उभ्या असलेल्या शुभ्रवस्त्रा स्त्रियांच्या रांगेत वस्तुतः एस.एस. दलाचे जवान होते, कारण लेआंडरच्या उंचीला साजतील अशा स्त्रिया मिळाल्या नाहीत, असे सांगितले जाते. पुढे पराभव जसजसा जवळ येऊ लागला, तसतशी सरकारने ‘चमत्कारी शस्त्रां’ची हूल उठवली, आणि त्या वातावरणात बाल्ट्सचा ‘चमत्कार’ हा शब्द आपसूकच सरकारी आश्वासनाच्या पदरी गेला.

आता प्रश्न असा की, हे गीत कोणाचे? छळातून नुकत्याच सुटलेल्या माणसाचे, की ज्यांनी त्याला छळले त्यांचे? एक पक्ष म्हणेल की, ज्या गीताने कोट्यवधी लोकांना अन्यायाच्या युद्धात तग धरावयास लावले, त्याचा कर्ता त्या पापाचा वाटेकरी आहे. दुसरा पक्ष म्हणेल की, तो कैदी होता, त्याच्या शब्दांत स्वतःचीच आशा होती, आणि इतरांनी त्यांचा काय उपयोग केला याचा दोष त्याच्यावर नाही. मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. गीताचे शब्द मुद्दामच अशा रीतीने रचलेले असतात की, ज्याला त्याला त्यांत आपले दुःख आणि आपली आशा ठेवता यावी. ‘कोणाची भेट’, ‘कसला चमत्कार’ हे न सांगणे हेच त्यांचे कौशल्य. म्हणूनच ते आघाडीवरच्या शिपायाला आपले वाटतात, त्याच्या पत्नीला आपले वाटतात, कोठडीतल्या माणसालाही आपले वाटू शकतात, आणि म्हणूनच सत्तेला ते वापरता येतात. बाल्ट्सने प्रचाराची सेवा केली हे खरे; त्याच शब्दांत त्याने आपला आकांत सांगितला हेही खरे. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी ऐकण्याची शक्ती आपल्याला येते ती केवळ कर्त्याचे नाव आणि चरित्र ठाऊक असल्यामुळे. नाव काढून टाका, की प्रचारखात्याचा अर्थ तेवढा शिल्लक राहतो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. कलाकृतीचे मूल्य तिच्या घटनेत असते, कर्त्याच्या चरित्रात नव्हे, असे मानणारी एक बलिष्ठ विचारपरंपरा आपल्याकडेही आहे, बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या 1955 च्या ग्रंथात लयतत्त्वाच्या आधारे हा विचार फार कसोशीने मांडला. या परंपरेविषयी मला आदर आहे, आणि बाल्ट्सची शब्दयोजना लेआंडरच्या स्वराला कशी अनुरूप होती हे समजण्यास चरित्राची गरज नाही, हेही मला मान्य आहे. परंतु गीत ही पुस्तकाच्या पानावर स्वस्थ पडून राहणारी कृती नव्हे. ते प्रत्येक वेळी कोणाच्या तरी आज्ञेने, कोणत्या तरी प्रसंगी, कोणाच्या तरी लाभासाठी गायले जाते. त्याचा वापर हा त्याच्या अस्तित्वाचाच भाग आहे. ज्या कलेचे जीवन वापरात आहे, तिच्या विचारात वापर करणारे आणि निर्माण करणारे यांचा परामर्श घ्यावाच लागतो. सौंदर्यशास्त्राने जो प्रश्न रास्तपणे बाजूला ठेवला, तो न्यायबुद्धीला बाजूला ठेवता येत नाही.

नाव पुसण्याचा प्रकार कोणत्या थराला जातो, हे ‘डी ग्रोसे लीबे’ झळकला त्याच वर्षी मरण पावलेल्या दुसऱ्या एका गीतकाराच्या हकिकतीवरून दिसून येईल. फ्रिट्स ल्योनर-बेडा हा फ्रान्स लेहारच्या गाजलेल्या संगीतिकांचा सहलेखक. बर्लिनमध्ये 1929 साली रंगभूमीवर आलेल्या ‘दास लांड देस लेखेल्न्स’ची पदे सर्व युरोपभर गायली जात होती. मार्च 1938 मध्ये व्हिएन्ना जर्मनीच्या ताब्यात जाताच त्याला अटक झाली. प्रथम डाखाऊ आणि नंतर वायमारजवळील बुखेनवाल्ड छावणीत त्याची रवानगी झाली. तेथील अधिकाऱ्याने छावणीसाठी गीत करण्याचे फर्मान काढले, तेव्हा ल्योनर-बेडाने शब्द लिहिले आणि हेर्मान लेओपोल्डीने चाल दिली. पण दोघेही यहुदी असल्यामुळे गीत दुसऱ्याच एका कैद्याच्या नावावर दाखल करावे लागले. हजेरीच्या मैदानावर थंडीत, बर्फात तासन् तास उभे करून कैद्यांकडून ते म्हणवून घेतले जाई. आणि तरीही स्वातंत्र्याचा दिवस येईल हा त्यातील भाव कैद्यांनी आपला मानून मनापासून गायिला. इकडे जर्मन नाट्यगृहांत लेहारच्या संगीतिका चालूच होत्या. त्यांच्या यहुदी पदकारांची नावे तेवढी गाळलेली होती. 4 डिसेंबर 1942 रोजी आउश्विट्सच्या मोनोविट्स विभागात ल्योनर-बेडाचा अंत झाला. ज्याची पदे राजधानीत टाळ्या घेत होती, तो मनुष्य छावणीत मारला जात असता त्या प्रेक्षकांच्या मनाला टोचणी लागली नाही, याचे एक कारण त्यांच्या हातातील कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव नव्हते. अनामिकता ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका उदाहरणाचा शांतपणे विचार करावा.

युद्ध संपले, दोस्त राष्ट्रांनी ‘डी ग्रोसे लीबे’वर बंदी घातली. लेआंडर 1943 मध्येच, बर्लिनमधील तिच्या घरावर बाँब पडल्यानंतर, स्वीडनला परतली होती; तेथे तिला काही वर्षे बहिष्कार सोसावा लागला. बाल्ट्स गीते लिहीत राहिला. 1960 साली हायडी ब्र्यूल या तरुण गायिकेने गायिलेले, कधीही विलग न होण्याच्या शपथेचे त्याचे गीत, चाल पुन्हा यारीचीच, अतिशय लोकप्रिय झाले. परंतु ज्या कायद्याने त्याला दोनदा कैदेत घातले, तो पश्चिम जर्मनीने नाझींच्या कठोर रूपातच पुढे चालू ठेवला होता. 1969 साली तो सौम्य झाला आणि 1994 साली पूर्णतः रद्द झाला. नाझी काळातील या शिक्षा 2002 मध्ये आणि युद्धोत्तर काळातील 2017 मध्ये रद्दबातल ठरल्या. बाल्ट्स 14 मार्च 1988 रोजी बाड व्हीसे येथे वारला. म्हणजे आपल्या माथ्यावरचा कलंक कायद्याने धुतलेला त्याला पाहावयास मिळाला नाही. त्याचे मौन हे केवळ स्वभावाचे नव्हते, ते सक्तीचे होते. आणि त्या सक्तीचा मोठा काळ लोकशाही राजवटीतला होता, ही गोष्ट विशेष शोचनीय आहे.

याच्या तुलनेत स्वीडनचे उदाहरण उद्बोधक आहे. ‘आबा’ या गायकवृंदाच्या 1974 च्या गाजलेल्या गीताचे शब्द लिहिणारा स्टिग अँडरसन हा गीतकार स्वतःच प्रकाशकही होता. आपल्या शब्दांची किंमत ओळखून त्याने त्यांचे हक्क हातचे सोडले नाहीत, आणि मिळालेल्या संपत्तीतून 1989 साली ‘पोलर’ संगीत पारितोषिकाची स्थापना केली. पंडित रविशंकर यांचा 1998 साली त्याच पारितोषिकाने गौरव झाला. गीतकाराचे नाव आणि हक्क शाबूत राहिले तर त्याचा लाभ संगीताच्या साऱ्या जगाला कसा पोहोचतो, याचे हे प्रमाण होय.

आपल्या देशात या हक्कासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, उलट करार नसेल तर चित्रपटासाठी लिहिलेल्या गीताचा प्रथम मालक निर्माता होय. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा अबाधित ठेवला आणि तो लिहून घेण्याची सोय बंद केली. कायद्याने दाद दिली. समाजाच्या सवयीने अजून दिलेली नाही.

आणि मराठी समाजाला तर ही सवय मुळीच शोभत नाही. आपल्या संतांनी अभंगाच्या अखेरच्या चरणात आपली नाममुद्रा विणून ठेवली. त्यामुळे साडेतीनशे वर्षांनंतरही जो कोणी तुकोबांचा अभंग म्हणतो, त्याला तुकोबांचे नाव उच्चारावेच लागते, आणि नामदेवांची दासी म्हणवून घेणाऱ्या जनाबाईंचे नावही कोणा सत्ताधीशाला पुसता आले नाही. शाहिरांनीही तोच शिरस्ता पाळला. जात्यावरच्या ओव्यांना कर्ता नसतो हे खरे. पण त्या पिढ्यान् पिढ्यांच्या स्त्रियांनी मिळून घडवलेल्या असतात, तेथे कोणा एकीचा हक्क बुडत नाही. चित्रपटगीत हे एका विवक्षित व्यक्तीने, विवक्षित मोबदल्यात, विवक्षित परिस्थितीत लिहिलेले असते. त्याला ओवीप्रमाणे निर्नाम मानणे म्हणजे परंपरेचा आधार चुकीच्या ठिकाणी घेणे होय. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा ग. दि. माडगूळकर यांचे नाव आरंभापासून त्या छप्पन्न गीतांशी निगडित राहिले आणि आजतागायत कोणी ते विसरलेले नाही. म्हणजे श्रोत्यांची स्मरणशक्ती अधू नाही. तिच्यापर्यंत नाव पोहोचवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, ते ती पार पाडत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा की, गाण्यांच्या मैफलींत, आकाशवाणीवर, दूरदर्शनवर, आणि आज जेथे जेथे गाणे ऐकवले जाते तेथे, गायक आणि संगीतकार यांच्या बरोबरीने गीतकाराचे नाव सांगण्याचा दंडक असावा. वाङ्मयाच्या इतिहासात गीतकारांना स्वतंत्र प्रकरण मिळावे. आणि ते लिहिताना त्यांच्या गौरवाइतकीच त्यांनी कोणाच्या चाकरीत, कोणत्या दडपणाखाली आणि कोणत्या मोहाने लिहिले याचीही निर्भीड नोंद व्हावी. गीतकाराचे नाव सांगणे म्हणजे त्याला नुसता मान देणे नव्हे. आपल्या शब्दांचे श्रेय आणि दोष दोन्ही पेलू शकणारा स्वतंत्र मनुष्य म्हणून त्याची गणना करणे होय. बाल्ट्सला त्याच्या सरकारने हा दर्जा नाकारला, आणि युद्धानंतरच्या समाजाने तो देण्यास अर्धशतक लावले. आपल्या गीतकारांच्या बाबतीत ना तुरुंगाची भीती आहे ना फर्मानाची. तेव्हा एवढा न्याय करण्यास आपल्याला कोणतीही सबब उरत नाही.